गाभ पाडल्यानंतर कालवडी भरत नाहीत: दोष इंजेक्शनाचा का?

प्रश्न: गोठेवाला, मोहोळ तालुका
शेजारच्या वस्तीवरचा गोऱ्हा आमच्या मुक्त गोठ्यात शिरला आणि जेमतेम वर्षाच्या दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित कालवडी गाभण राहिल्या. अंग भरण्याआधी व्याल्या तर वासरू अडेल, म्हणून तिसरा महिना संपण्यापूर्वी डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन गाभ पाडून घेतला. आता दोघी दीड वर्षाच्या पुढे आहेत. थोरली नियमित माजावर येते, पण रेतन केले की उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. धाकटी माजच दाखवत नाही. त्या इंजेक्शनाने गर्भाची पिशवी कायमची बिघडते असे गावात सांगतात. तसे असेल तर कालवडी विकाव्यात का?

उत्तर: पशुवैद्यक, पंढरपूर
या समजुतीला आधार नाही. हे इंजेक्शन प्रोस्टाग्लँडिनचे असते. ते बीजांडकोशावरील पीतपिंड विरघळवते, त्यामुळे गर्भ टिकवणारे प्रोजेस्टेरॉन घटते आणि गाभ पडतो. जनावरांना ठरावीक वेळी माजावर आणण्यासाठीही हेच औषध वापरतात. पाचव्या महिन्यानंतर वारही (गर्भाला पोसणारी नाळेकडची झिल्ली) प्रोजेस्टेरॉन तयार करू लागते, म्हणून उशिरा गाभ पाडल्यास वार अडकणे आणि पिशवीला सूज येणे अधिक दिसते. तुमच्याकडे तो लवकर पाडला, ही जमेची बाजू.

धाकटीबद्दल मात्र मला वेगळीच शंका येते: तिचा गाभ पडलाच नसेल तर? दोन महिन्यांचा गर्भ उंदराएवढा असतो. तो शेणामुतात पडला तरी दिसत नाही आणि पडला नाही तरी कळत नाही. ती अजून गाभण असेल, गर्भ आत सुकला असेल किंवा पिशवीत पू साठून पीतपिंड तसाच राहिला असेल. तिन्ही स्थितींत माज येत नाही. त्यामुळे हात घालून किंवा सोनोग्राफीने तपासल्याशिवाय तिला दुसरे कोणतेही इंजेक्शन देऊ नका.

थोरलीचा सोट (माजात योनीतून येणारा चिकट स्राव) माजाच्या दिवशी बोटांवर ताणून उजेडात पाहा. तो काचेसारखा स्वच्छ असेल तर पिशवी बहुधा ठीक आहे. त्यात पांढुरके कण असतील तर त्या माजाला रेतन टाळून आधी उपचार करून घ्या.

उत्तर: दूध उत्पादक, सांगोला
डॉक्टरसाहेबांनी पिशवीचे सांगितले, मी दावणीचे सांगतो. दादा, वजन पाहिले का? संकरित कालवड अडीचशे किलोच्या पुढे गेल्यावरच भरवावी. काटा नसेल तर छातीच्या घेराचा वर्ग करून त्याला अंगाच्या लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे; मापे इंचात घेतली की उत्तर किलोत येते. घेर ६२ आणि लांबी ४८ असेल तर वजन २८० किलोच्या आसपास भरते. आपल्याकडे गळीत हंगामात जनावरे नुसत्या उसाच्या वाढ्यावर काढतात, पण वाढ्यातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून सोबत कडबा, लसूणघास आणि रोजचे खनिज मिश्रण हवेच. शिवाय सोलापूरच्या उन्हाळ्यात माज मुका राहतो, म्हणजे बाहेरून लक्षणे फारशी दिसत नाहीत, आणि बहुधा रात्री उमटतो. झोपण्यापूर्वी आणि पहाटे गोठ्यात एक फेरी मारा. सकाळी माज दिसला तर रेतन संध्याकाळी करावे.

उत्तर: पशुवैद्यक, पंढरपूर
वजनाचा मुद्दा रास्त आहे. एक राहिले: गोऱ्हा बाहेरचा होता आणि नैसर्गिक भरवणीतून जननेंद्रियांचे संसर्ग येतात, त्यामुळे थोरली उलटण्यामागे तेही कारण असू शकते. दोघींची ब्रुसेलोसिस (गाभ पाडणारा संसर्गजन्य आजार) आहे का, याची रक्ततपासणी करून घ्या. हा आजार माणसांनाही होतो, तेव्हा वार किंवा स्राव उघड्या हाताने काढू नका. विकण्याचा विचार हे अहवाल आल्यावर करावा.