अनुभव धागा : जुन्या गेम कन्सोलांनी हाताला लावलेले वळण

घरच्या टीव्हीवर खेळायचा पहिला कन्सोल म्हणजे १९७२ सालचा मॅग्नाव्हॉक्स ओडिसी. राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या यंत्राला आवाज नव्हता आणि गुण मोजणेही येत नव्हते. मैदानाचे चित्र हवे असल्यास टीव्हीच्या काचेवर रंगीत पारदर्शक पडदा लावावा लागे आणि गुण खेळणाऱ्यांनी कागदावर मांडायचे असत. यंत्राला जे जमत नाही ते माणसाने भरून काढायचे, ही रीत पुढेही बराच काळ टिकली. किती टप्पे पार केले याच्या शौर्यकथा पुष्कळ झाल्या. कन्सोलच्या उणिवेमुळे तुमच्या हाताला कोणते वळण लागले आणि त्यामागचे कारण काय होते, ते या धाग्यात लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १
माझे वळण उजेडाचे. १९८९ साली आलेल्या निन्टेन्डो गेम बॉयच्या पडद्याला स्वतःचा प्रकाश नव्हता आणि चित्र हिरवट रंगाच्या चारच छटांत दिसे, त्यामुळे खिडकीकडे पाठ करून, यंत्र किंचित तिरके धरून बसण्याची सवय लागली. रात्रीच्या प्रवासात रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड गाडीत येई तेवढ्यात टेट्रिसचा तुकडा फिरवून घ्यायचा आणि पुढच्या अंधारात तो अंदाजाने खाली सोडायचा. पेन्सिल सेल उतरू लागले की पडद्याशेजारचा लाल दिवा मंदावत असे, आणि मग डाव्या कडेवरचे कॉन्ट्रास्टचे चाक अंगठ्याने सरकवत उरलेसुरले चित्र गडद करून घेण्याची धडपड चाले. या पडद्यामागे पक्का हिशोब होता. जुन्या, स्वस्त आणि खात्रीच्या भागांपासून नवे खेळ घडवावेत, असा गेम बॉय घडवणारे निन्टेन्डोचे गुन्पेई योकोई यांचा आग्रह असे. १९९० सालच्या सेगा गेम गिअरचा पडदा रंगीत आणि मागून उजळलेला होता, पण तो सहा सेल काही तासांतच संपवत असे. गेम बॉय चार सेलवर त्याच्या दुपटीहून अधिक वेळ चाले. माझ्या मते योकोईंचे गणित बरोबर होते.

प्रतिसाद २
खेळाची कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारण्याविषयी कोणीतरी लिहिणारच, म्हणून मीच लिहून मोकळा होतो. १९८३ साली अमेरिकेतील व्हिडिओ गेमची बाजारपेठ कोसळल्यावर दुकानदारांना गेम कन्सोलचे नावही नकोसे झाले होते. म्हणून १९८५ साली तिथे आलेल्या एनईएसला (निन्टेन्डोचा घरगुती कन्सोल) व्हीसीआरसारखे समोरून कॅसेट घालायचे तोंड देण्यात आले. आतल्या ७२ पिनांची पकड सैल झाली की सुरक्षा-चिप कॅसेट ओळखत नसे आणि यंत्र साधारण सेकंदागणिक पुन्हा सुरू होई. पडद्याची ती प्रसिद्ध उघडझाप हीच. फुंकरीने आत जाई तो फक्त दमटपणा. काम होई ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे.

प्रतिसाद ३
आमच्या घरी कन्सोल बंद करण्याचा विधीच होता : एका बोटाने रीसेटचे बटण दाबून धरायचे आणि दुसऱ्याने पॉवर बंद करायची. १९८७ साली अमेरिकेत आलेल्या ‘द लिजेंड ऑफ झेल्डा’च्या कॅसेटमध्ये नाण्याएवढी बॅटरी होती आणि तिच्या जोरावर आतल्या छोट्या मेमरीत खेळाची नोंद टिकून राहत असे. इतर अनेक खेळांत लांबलचक पासवर्ड वहीत उतरवून घ्यावे लागत आणि लिहिलेले अक्षर शून्य की ओ यावरून दुसऱ्या दिवशी भांडण ठरलेले, त्यामुळे ही सोय म्हणजे चैनच होती. मात्र वीज तोडताना दाब उतरत जातो आणि त्या क्षणी प्रोसेसर मेमरीत भलतेच काहीतरी लिहू शकतो. रीसेट दाबलेले असेल तर तो थांबलेला असतो आणि नोंद वाचते. तशी सूचना पडद्यावरच दिलेली असे. आम्ही मात्र ज्यांत बॅटरीच नाही अशा कॅसेटनाही तोच मान देत होतो.

प्रतिसाद ४
१९७७ सालच्या अटारी २६०० मध्ये रॅम अवघी १२८ बाइट होती, म्हणजे पूर्ण चित्र साठवायला जागाच नव्हती. जुन्या टीव्हीच्या काचेवर चित्र रेखाटणारा किरण एकेक ओळ काढत खाली सरकत असताना प्रोग्रामने त्याच्या जोडीने धावत पुढची ओळ पुरवायची. त्यावरच्या १९८२ सालच्या पॅक-मॅनमध्ये चारही भुते एकाच आकृतीवर भागवलेली होती, त्यामुळे ती सतत लुकलुकत. भूत दिसते तिथे न पाहता ते पुढे जिथे असेल तिथे पाहण्याची नजर मला त्यातून आली.

प्रतिसाद ५
एनईएसवरच्या ‘डक हंट’ खेळातल्या बदके टिपायच्या बंदुकीविषयी थोडक्यात. ती प्रकाश फेकत नसे, टिपत असे. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे; तो बंदुकीला दिसला तरच नेम लागला असे धरले जाई. एलसीडी टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते, तोवर तपासणीची वेळ निघून गेलेली असते. घरातल्या मुलांना हे पटवताना माझी बरीच दमछाक झाली.

प्रतिसाद ६
प्रतिसाद ३ मधील कॅसेट अजून जवळ असेल तर तिची बॅटरी आता कधीही संपेल. बदलताना दुसऱ्या बॅटरीचा पुरवठा समांतर जोडून ठेवला तरच जुनी नोंद राहते. मला ते साधले नाही, परंतु उघडण्यापूर्वी नोंदींच्या पडद्याचे छायाचित्र काढून ठेवले होते. नवी बॅटरी धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेली घ्यावी. बॅटरीवर थेट डाग दिल्यास ती तापून फुटू शकते.