बॅटरीचा रिकॉल आलाय, कंपनीच्या शब्दावर किती विसंबायचं?

रानजाई
सल्ला हवा आहे. आमची इलेक्ट्रिक गाडी आहे. कंपनीचं पत्र आलंय की काही बॅटऱ्यांच्या सेलमध्ये उत्पादनातला दोष राहिलेला असू शकतो आणि त्यामुळे क्वचित आग लागू शकते. तोवर चार्जिंग ८० टक्क्यांच्या वर नेऊ नका, चार्ज झालेली गाडी घराला लागून उभी करू नका, आणि सॉफ्टवेअर अपडेट करून घ्यायला या. बॅटरी बदलून मिळणार का, यावर 'तपासणीअंती आवश्यकता भासल्यास' एवढंच.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तिथला माणूस म्हणतो, "मॅडम, नुसती फॉर्मॅलिटी आहे, टेन्शन घेऊ नका." फॉर्मॅलिटीच असेल तर गाडी घरापासून लांब कशाला ठेवायची? नवऱ्याचं म्हणणं, कंपनीने स्वतःहून कळवलं म्हणजे ती प्रामाणिक आहे. मला वाटतं अपडेटच्या नावाखाली रेंज कमी करतील आणि प्रकरण मिटवून टाकतील.

अपडेट घ्यावं का? तोवर गाडी चालवावी का? की विकून मोकळं व्हावं? कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, धागा भलतीकडे जाईल.

तिसरा गिअर
पत्र खरं माना, फोन सोडून द्या. पत्रातलं प्रत्येक वाक्य वकिलांच्या नजरेखालून गेलेलं असतं. फोनवरच्या माणसाला दिवसभर असेच फोन येतात, त्याला लवकर ठेवायचा असतो.

उंटावरचा
सगळ्या कंपन्या एका माळेचे मणी. पकडले गेले की पत्र पाठवतात. विका आणि मोकळ्या व्हा.

जुना स्क्रू
उंटावरचा, मणी एका माळेचे नाहीत हो. मित्सुबिशी मोटर्सने ग्राहकांच्या तक्रारी दोन दशकांहून अधिक काळ सरकारपासून दडवून ठेवल्या होत्या, ते २००० साली उघड झालं. असं वागणारी कंपनी आणि स्वतःहून पत्र पाठवणारी कंपनी यांत फरक करायलाच हवा. पण रानजाई, तुमच्या यजमानांशीही मी पूर्ण सहमत नाही. कळवलं ही पहिली पायरी झाली. उपाय नेमका कशावर आहे, हे कळल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही.

तुमच्यासारखंच एक प्रकरण सविस्तर लिहितो, कारण त्यात तुमच्या तिन्ही प्रश्नांचं बरंचसं उत्तर आहे. जनरल मोटर्सची शेव्हर्ले बोल्ट. नोव्हेंबर २०२० मध्ये पहिला रिकॉल आला, आणि तात्पुरता उपाय म्हणून सॉफ्टवेअरने चार्जिंग ९० टक्क्यांवर अडवलं. २०२१ च्या वसंतात 'अंतिम' उपाय आला, तोही सॉफ्टवेअरच: बॅटरीवर लक्ष ठेवणारं, काही वेगळं दिसलं तर मॉड्यूल (बॅटरीतला सेलचा गट) बदलायचं. मग ज्या गाड्यांवर हे काम झालं होतं त्यांतल्याच दोन पेटल्या. तेव्हा कुठे कारण नीट समोर आलं. सेलमधला अ‍ॅनोडचा टॅब (सेलच्या ऋण टोकाची पट्टी) फाटलेला आणि सेपरेटर (सेलची दोन टोकं वेगळी ठेवणारा पातळ पडदा) दुमडलेला, हे दोन्ही दोष एकाच सेलमध्ये आले की धोका. ऑगस्ट २०२१ मध्ये तोवर बनलेल्या सगळ्या बोल्ट, म्हणजे १ लाख ४० हजारांहून जास्त गाड्या, रिकॉलमध्ये घेतल्या गेल्या. ह्युंदाई कोनाचंही तेच. आधी सॉफ्टवेअर, मग अपडेट झालेलीच एक गाडी जानेवारी २०२१ मध्ये पेटली, मग बॅटऱ्या बदलणं.

दुमडलेला सेपरेटर सॉफ्टवेअरने सरळ होत नाही. सॉफ्टवेअर फार तर दोष वेळेत ओळखेल, किंवा चार्ज कमी ठेवून धोका कमी करेल. दोन्ही उपयोगाचं आहे, म्हणून अपडेट जरूर घ्या. पण कंपनीला लेखी विचारा की हे सॉफ्टवेअर नुसती मर्यादा घालतं की दोष शोधतं, आणि शोधत असेल तर किती अंतर चालवल्यावर निकाल लागतो. बोल्टच्या नंतरच्या काही गाड्यांना असंच सॉफ्टवेअर दिलं गेलं: साधारण १० हजार किलोमीटरपर्यंत चार्ज ८० टक्क्यांवर, तोवर काही आढळलं नाही तर मर्यादा आपोआप निघते. हे कितपत पुरेसं यावर मतं असू शकतात, पण निदान शेवट कुठे हे मालकाला आधी सांगितलं होतं. तुमच्या पत्रात नेमकं तेच नाही.

पाऊलवाट
जुना स्क्रू यांना +१. गाडी चालवण्याबद्दल माझं मत: पत्रात 'चालवू नका' असं लिहिलेलं नसेल तर चालवा. कंपन्यांना तसं लिहावं लागतं तेव्हा त्या लिहितात. टकाटा या कंपनीच्या सदोष एअरबॅग लावलेल्या काही जुन्या गाड्यांच्या मालकांना थेट सांगितलं होतं की गाडी चालवूच नका. इथे धोका जास्त करून चार्जिंग चालू असताना आणि झाल्यावर आहे, म्हणून चार्जिंग रात्री सगळे झोपलेले असताना नको. गाडीखालून धूर किंवा फुसफुस असा आवाज आला तर विझवायला जाऊ नका. लांब व्हा, अग्निशमन दलाला बोलवा आणि गाडी इलेक्ट्रिक आहे हे आधी सांगा. विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकते.

कानस
विकण्याबद्दल. रिकॉल गाडीच्या चेसिस नंबराला चिकटलेला असतो, मालकाला नाही. तुम्ही विकलीत तरी दोष गाडीबरोबर जातो, आणि पुढची पत्रं तुमच्याच पत्त्यावर येत राहू शकतात. न सांगता विकणं म्हणजे ज्या गोष्टीबद्दल आपण कंपनीवर चिडलोय तीच दुसऱ्याच्या माथी मारणं. सांगून विकायची तर काम पूर्ण झाल्यावर विका, भावही बरा येईल.

निमूट वाचक
टकाटाचा विषय निघालाच आहे म्हणून. एअरबॅग फुगवणाऱ्या भागात, म्हणजे इन्फ्लेटरमध्ये, अमोनियम नायट्रेट होतं, उष्णता आणि दमटपणाने ते वर्षानुवर्षं खराब होत जायचं, आणि अपघातात एअरबॅगबरोबर धातूचे तुकडे अंगावर यायचे. बदली भाग कमी पडले, म्हणून कित्येक गाड्यांना त्याच जातीचा नवा इन्फ्लेटर तात्पुरता बसवला, आणि काही वर्षांनी तोही काढावा लागला. कागदोपत्री त्या गाड्यांचं 'काम झालं' होतं. तेव्हा रानजाई, जॉबकार्डवर नुसतं 'रिकॉल पूर्ण' लिहून घेऊ नका. सॉफ्टवेअरची आवृत्ती किंवा बदललेल्या भागाचा नंबर लिहून घ्या.

जुना स्क्रू
भागाचा नंबर फार महत्त्वाचा. जनरल मोटर्सच्याच इग्निशन स्विचचं प्रकरण आठवा. स्विच चालता चालता घसरायचा, इंजिन बंद पडायचं आणि अपघातात एअरबॅग उघडायची नाही. २००६ मध्ये आतल्या आत भाग सुधारला, पण नंबर तोच ठेवला, त्यामुळे जुना कुठला नि नवा कुठला हे तपास करणाऱ्यांनाही कळेना. रिकॉल आला थेट २०१४ मध्ये. भरपाई निधीने शेवटी १२४ मृत्यू मान्य केले. कंपनीवर अविश्वास दाखवायचा तर तो अशा जागी दाखवावा. अपडेट नाकारून कंपनीचं काहीच बिघडत नाही.

तिसरा गिअर
अवांतर: त्या वेळी तात्पुरता सल्ला होता की किल्लीच्या कडीत फक्त किल्ली ठेवा, बाकीचं ओझं काढा. लोक हसले होते. पण सल्ला बरोबर होता, कारण वजनानेच स्विच घसरायचा. तुमचा ८० टक्क्यांचा सल्लाही तसाच पाळा, पत्राची भाषा कितीही गुळमुळीत असो.

रानजाई
सगळ्यांचे आभार. इथे लिहिलेलेच प्रश्न ईमेलने पाठवले. उत्तर आलं. सॉफ्टवेअर दोष शोधतं, ठरावीक अंतरानंतर निकाल गाडीत दिसेल, आणि दोष निघाला तर पूर्ण पॅक बदलतील, हे आता लेखी आहे. दोष कशामुळे आणि कोणत्या काळात बनलेल्या सेलमध्ये, या प्रश्नाला मात्र 'तांत्रिक तपास सुरू आहे'. फोनवरच्या 'फॉर्मॅलिटी'पेक्षा हे बरं. नवरा म्हणतो, बघ, सांगितलं होतं. मी म्हटलं, अर्धंच.

कानस
अर्धं ठीक आहे, पण उरलेल्या अर्ध्यासाठी तारीख मागा. तपास कधी संपेल हे सांगता येत नसेल तर पुढची माहिती कधी देणार ते सांगा, असं लिहा. शिवाय वाहन सुरक्षेची जी सरकारी यंत्रणा असेल तिथे चेसिस नंबरासह नोंद करा, आग लागलेली नसली तरी. एकाच तऱ्हेच्या नोंदी साठल्या की यंत्रणा चौकशी सुरू करू शकते, मग कंपनीला 'तपास सुरू आहे' म्हणत बसता येत नाही. आणि हो, पत्ता बदललात तर कंपनीला कळवा. दुसरं पत्र पहिल्यापेक्षा महत्त्वाचं असू शकतं.