मदत हवी आहे: फ्लॅशमधल्या स्ट्रिंगचा तक्ता वाचताना एलसीडीवर कचरा

नमस्कार मंडळी,

अ‍ॅटमेगा३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप आणि १६ अक्षरी एलसीडी. मेन्यू आणि सूचना धरून ४० ओळी आहेत. शेवटच्या शून्यासकट एका ओळीला १७ बाइट धरले तर ६८० होतात, आणि रॅम आहे अवघी २ केबी. नुसतं कॉन्स्ट (हे बदलणार नाही अशी खूण) लावून भागत नाही, कारण प्रोग्रॅम सुरू होतानाच स्ट्रिंग रॅममध्ये उतरतात. म्हणून सगळं प्रोगमेममध्ये, म्हणजे प्रोग्रॅम साठवणाऱ्या फ्लॅश मेमरीत, टाकलंय. सुट्या ओळींना एफ मॅक्रो (स्ट्रिंग फ्लॅशमध्येच ठेवणारा) लावला, ते छान चालतं.

अडलंय तक्त्यापाशी. प्रत्येक स्ट्रिंग प्रोगमेम, त्यांच्या पॉइंटरचा (पत्त्यांचा) अ‍ॅरेही प्रोगमेम. स्ट्रकॉपी_पी ला (फ्लॅशमधली स्ट्रिंग रॅममध्ये उतरवणारं फंक्शन) तक्त्यातला घटक देताना इंडेक्स म्हणून थेट २ लिहिलं की ओळ बरोबर येते. तिथेच व्हेरिएबल दिला की कचरा, कधी बोर्ड सरळ अडकतो. हे का होतं ते समजल्याशिवाय पुढे जायचं नाहीये.

प्रतिसाद १

लक्षण अचूक सांगितलंत, उत्तर त्यातच आहे. थेट २ लिहिल्यावर त्या जागी कोणता पत्ता आहे हे कंपायलरला आधीच कळतं. तो पत्ता कोडमध्येच घालतो, तक्ता वाचतच नाही. व्हेरिएबल आला की तक्ता खरोखर वाचावा लागतो, आणि साधं वाचन डेटा मेमरीत होतं. तक्ता फ्लॅशमध्ये ज्या पत्त्यावर आहे, त्याच आकड्याच्या डेटा पत्त्यावर भलतंच काही असतं. तुमच्या एव्हीआर चिपमध्ये या दोन मेमरी वेगळ्या, फ्लॅश वाचायला एलपीएम ही प्रोसेसरची सूचनाच लागते.

म्हणून आधी पीजीएम_रीड_पीटीआर ने तक्त्यातला पॉइंटर फ्लॅशमधून काढा, मग तो स्ट्रकॉपी_पी ला द्या.

मी मात्र तुमच्या जागी पॉइंटर काढूनच टाकले असते. ४० बाय १७ चा द्विमितीय अ‍ॅरे प्रोगमेममध्ये ठेवा. ओळीचा पत्ता निव्वळ गणिताने निघतो, मधलं वाचन नाही. आखूड ओळींमागे थोडी फ्लॅश वाया जाईल, पण ती ३२ केबी आहे.

(अ‍ॅटमेगा४८०९ सारख्या चिपवर फ्लॅश डेटाच्या पत्त्यांतही दिसते, तिथे नुसतं कॉन्स्ट चालतं. तिथली उदाहरणं इथे उचलू नका.)

मूळ प्रश्नकर्ता

पीजीएम_रीड_पीटीआर लावताच व्हेरिएबलनेही ओळी नीट आल्या. तरी द्विमितीयच ठेवतो. पुढे हे अ‍ॅटमेगा२५६० वर न्यायचं आहे. फ्लॅश २५६ केबी, मग ‘फार’वाली (६४ केबीपलीकडची फ्लॅश वाचणारी) फंक्शन लागतील का?

प्रतिसाद १

प्रोगमेमचा डेटा पहिल्या ६४ केबीत मावतो तोवर नाही. लिंकर (प्रोग्रॅमचे भाग मेमरीत मांडणारं साधन) तो कोडच्या आधी ठेवतो, त्यामुळे कोड कितीही वाढला तरी या ४० ओळी जागच्या हलत नाहीत.