मदत हवी आहे: रिचर्ड हॉजसनवर वीस मिनिटं बोलायचंय आणि 'मीडियम'ला मराठी शब्दच सापडत नाहीये

मंडळी, आमच्या वाचनालयाच्या बैठकीत पुढच्या महिन्यात मला रिचर्ड हॉजसनवर बोलायचंय. विषय मीच हौसेने सुचवला, आता घाम फुटलाय. दोन ठिकाणी अडलोय. पण आधी माणूस कोण ते सांगतो.

जन्म १८५५, मेलबर्न. तिथे कायद्याची डॉक्टरेट, मग केंब्रिजला हेन्री सिज्विककडे तत्त्वज्ञान. सिज्विक आणि मित्रांनी १८८२ साली सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च काढली होती. भुतंखेतं, मृतांचे निरोप, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, हे सगळं नीट तपासून बघायचं म्हणून. या सोसायटीतर्फेच हॉजसन १८८४ च्या डिसेंबरात मद्रासजवळ अड्यारला आला, थिऑसॉफिकल सोसायटी या गूढवादी संस्थेच्या संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या चमत्कारांची छाननी करायला.

इथे गडी खरा रंगात येतो. अड्यारच्या एका खोलीत भिंतीला टांगलेलं कपाट होतं, त्यात म्हणे महात्म्यांची, म्हणजे बाईंच्या गूढ गुरूंची, पत्रं आपोआप यायची. भिंतीपलीकडे बाईंची निजायची खोली! हॉजसन पोचायच्या आधीच थिऑसॉफिस्टांनी (बाईंच्या संस्थेच्या लोकांनी) ते कपाट जाळून टाकलेलं. याने चिकाटीने एकेकाला गाठून विचारलं. त्यात कळलं की, एका भक्ताने "बघा, पाठ कशी भक्कम आहे" म्हणत कपाटाला थाप मारली आणि मधली फळी सरकन वर गेली. फुटलेली बशी कपाटात ठेवली की अखंड निघते, हा आणखी एक चमत्कार. तशा दोन बश्या मद्रासच्या दुकानातून आधीच खरेदी झाल्याची नोंद पठ्ठ्याने हुडकून काढली. मुंबईचंही तेच. संस्था अड्यारला जायच्या आधी बाई ब्रीच कँडीच्या बंगल्यात राहायच्या, तिथे छतातून पत्रं टपकायची. याने छताच्या फळ्यांमधल्या फटी दाखवल्या. १८८५ च्या अहवालात बाई लबाड ठरल्या. (त्या रशियाच्या हेर असाव्यात, हा तर्क मात्र त्याने फारच ताणलाय.)

पहिली अडचण: हाच माणूस १८८७ साली बॉस्टनला जातो, लिओनोरा पायपर नावाच्या 'मीडियम' (म्हणजे जिच्या तोंडून म्हणे मेलेली माणसं बोलतात अशी) गृहिणीमागे गुप्तहेर लावतो, लोकांना खोट्या नावाने तिच्यासमोर बसवतो आणि १८९८ साली जाहीर करतो की तिच्या तोंडून मेलेली माणसंच बोलतात. श्रोते विचारणार, 'अहो, मग हा फसला का?' काय सांगू?

दुसरी: 'माध्यम' म्हटलं की लोकांना टीव्हीवाले आठवतात. 'कंट्रोल' म्हणजे तिच्या तोंडून बोलणारा जो कोणी, त्याला तर काहीच सुचत नाही.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १
शब्द आपल्याकडे आहेत की! ज्याच्या अंगात येतं त्याला गावाकडे 'झाड' म्हणतात. आमची आजी म्हणायची, "झाड घुमायला लागलं." 'कंट्रोल'साठी सरळ 'अंगात आलेला' म्हणा. पायपरबाईंच्या अंगात आधी फिन्विट नावाचा फ्रेंच डॉक्टर यायचा आणि त्याला फ्रेंच धड येत नव्हतं. हे सांगितलंत तर सभा हसेल आणि ऐकेलही.

प्रतिसाद २
दादा, 'आधी नास्तिक, मग भाविक' असं सांगू नका, ते खोटं होईल. १८९५ साली केंब्रिजला युसापिया पलाडिनो या इटालियन मीडियमच्या बैठका झाल्या, तेव्हा हॉजसन मुद्दाम अमेरिकेहून आला. अंधारात ती तिचे हात धरून बसलेल्या दोन्ही शेजाऱ्यांना एकाच हाताचा स्पर्श देऊन दुसरा हात मोकळा करून घेते, ही तिची चलाखी त्याने उघडी पाडली. म्हणजे पायपरबाईंवर विश्वास बसत होता त्याच काळात दुसरीकडे नजर तितकीच तिखट होती. मला विचाराल तर फरक प्रश्नात आहे. अड्यारला त्याला शोधायचं होतं, हे केलं कसं. बॉस्टनला, बोलतंय कोण. जॉर्ज पेल्यू हा त्याच्या ओळखीचा तरुण १८९२ साली वारला आणि नंतर बाईंच्या अंगात येऊ लागला. खोट्या नावाने आणलेल्यांतून तो आपले जुने मित्र ओळखायचा. याचं हॉजसनला उत्तर सापडेना. माझ्या मते उत्तर न सापडणं म्हणजे पुरावा नव्हे, पण फसवणूक पकडण्यात मुरलेल्या माणसाचा पाय नेमका इथेच घसरतो.
आणि अड्यारचा अहवाल शेवटचा शब्द म्हणून सांगू नका. १९८६ साली व्हर्नन हॅरिसन या हस्ताक्षरतज्ज्ञाने त्यातल्या महात्म्यांच्या पत्रांच्या अक्षरतपासणीवर कडक टीका केली, तीही त्याच सोसायटीच्या नियतकालिकात.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. 'झाड' पक्कं. मग शेवटही त्याच भाषेत सांगतो. २० डिसेंबर १९०५ ला हॉजसन बॉस्टनमध्ये हँडबॉल खेळता खेळता कोसळला आणि गेला. वय ५०. महिना संपायच्या आत तो पायपरबाईंच्या अंगात आला! त्याचा मित्र, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने त्या बैठकांची टिपणं चाळून १९०९ साली अहवाल लिहिला, पण हो किंवा नाही ठामपणे म्हटलं नाही. आपल्याकडे देवऋषी झाडाला पहिला प्रश्न विचारतो, "कोण आहेस, नाव सांग." जेम्सला आपल्या मित्राबद्दल तोच प्रश्न पडला होता.