'कोंत्रँत'साठी 'निर्बंध' नको, 'नेम' हवा

वॉरन मॉट यांच्या अभ्यासकार्याचा परिचय मराठीत लिहिताना मी एका शब्दापाशी अडले. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठातल्या या फ्रेंचच्या अभ्यासकाने फ्रेंच कादंबरीकार जॉर्ज पेरेक यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये, त्यांच्यावर ग्रंथ लिहिला, १९८६ मध्ये 'उलिपो' या फ्रेंच लेखकगटाच्या निवडक लेखांचे इंग्रजी संकलन सिद्ध केले आणि पुढे नव्वदनंतरच्या फ्रेंच कादंबरीचा मागोवा घेतला. या अभ्यासात 'कोंत्रँत' ही फ्रेंच संज्ञा वारंवार येते. लिहायला बसण्याआधीच लेखकाने आपणहून स्वतःला घालून घेतलेली, बहुधा अक्षरांची किंवा गणिताची मर्यादा, असा तिचा अर्थ आहे.

पहिल्या खर्ड्यात मी 'निर्बंध' लिहिले होते. पण निर्बंध सरकार लादते आणि ते उठले की लोकांना हायसे वाटते. 'अट' दुसऱ्याशी व्यवहार करताना येते, 'नियम' सर्वांना सारखा असतो. चातुर्मासात वांगे न खाणारी माझी आजी मात्र 'मी नेम धरलाय' म्हणायची. तो कोणी लादलेला नव्हता, आणि तरीही तो तिच्याकडून कधी मोडला नाही.

पेरेक यांनी १९६९ च्या कादंबरीत फ्रेंचमध्ये सर्वाधिक येणारे 'ई' हे रोमन अक्षर पूर्णपणे वर्ज्य केले. त्यांच्या स्वतःच्या नावात ते चार वेळा आहे. 'आई' आणि 'वडील' यांसाठीचे नेहमीचे फ्रेंच शब्दही त्यावाचून लिहिता येत नाहीत. ज्याचे वडील १९४० मध्ये युद्धात पडले आणि आईला १९४३ मध्ये आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत नेले गेले, त्या लेखकाचा हा नेम केवळ शब्दखेळ म्हणून वाचणे मला अशक्य आहे.

आपल्याकडे मोरोपंतांचे निरोष्ठ रामायण आहेच. ओठ मिटून उच्चारायची अक्षरे वर्ज्य केल्यावर 'म' गेला, म्हणजे रामायणात 'राम' हा शब्दच लिहिता येईना! 'नेम' या शब्दात व्रतही आहे आणि नेमबाजाचे लक्ष्यही आहे, म्हणून तो मला अधिक नेमका वाटतो.

आता प्रश्न उरतो तो 'क्लिनामेन'चा. स्वीकारलेल्या नेमापासून लेखक एखाद्या जागी जाणूनबुजून ढळतो, त्याला उलिपोचे लेखक हे नाव देतात. 'नेम मोडणे' म्हटले की पापाची छटा येते आणि 'नेम चुकणे' म्हटले की अपघाताची. 'नेम चुकवणे' हे क्रियापद मला जवळचे वाटते, पण त्यापासून सुटसुटीत नाम अजून सुचलेले नाही.