'ऑफेन्सिव्ह फाऊल'ला मराठीत काय म्हणावं?

माहीमची बाई
शाळेसाठी बास्केटबॉलच्या नियमांची चार पानं मराठीत करतेय. चेंडू ज्यांच्याकडे त्यांच्याच खेळाडूनं केलेल्या 'ऑफेन्सिव्ह फाऊल'ला 'आक्रमक फाऊल' लिहिलं. परवा सामन्यानंतर तक्त्यावर ते वाचून एका मुलाचे वडील घाबरून आले, "बाई, पोरानं कुणाला मारलं का?" तो चेंडू घेऊन जाताना वाटेत उभ्या असलेल्या मुलावर आदळला होता, एवढंच. दुसरा शब्द सुचवा. आणि फाऊलबद्दल समोरच्याला कुणी न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकायला मिळतो, त्या 'फ्री थ्रो'ला 'मुक्त फेक' चालेल का?

नागपाडावाला
आमच्याकडे पोरं 'चार्ज' म्हणतात. 'चार्ज घेतला' म्हणजे पाय रोवून छातीवर धडक घेतली. लहान मुलालाही कळतं. तेच छापा.

शिट्टीधारी
चार्ज हा त्यातला एकच प्रकार. साथीदाराला वाट मोकळी व्हावी म्हणून कुणी हलत हलत अडवणूक केली, तर तोही ऑफेन्सिव्ह फाऊलच. 'चढाईतला फाऊल' म्हणा. कबड्डीमुळे 'चढाई' सगळ्यांना कळते आणि मारामारीचा वासही येत नाही.

दादर पश्चिम
'आक्रमक' शब्दाला उगाच बदनाम करू नका. आ + क्रम्. क्रम् म्हणजे पाऊल टाकणं, 'त्रिविक्रम'मध्ये आहे तोच. आणि चार्जचा सगळा वाद पावलांचाच! अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलनं २०२३-२४ पासून ठरवलं, की चढाई करणारा उडीसाठी शेवटचं पाऊल रोवतो त्याआधी बचाव करणारा जागेवर हवा. पूर्वी पाय जमीन सोडेपर्यंत मुभा होती. इतका नेमका धातू आपल्याकडे असताना कबड्डीकडून उसनं कशाला?

नागपाडावाला
धातू बरोबर असेल, पण त्या वडिलांना धातू दिसला नाही, मार दिसला. आणि पावलांचं म्हणाल तर खरा बदल रिंगखालच्या अर्धगोलानं केला. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, १९९७ पासून ४ फुटांचा, फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत २०१० पासून १.२५ मीटरचा. त्याच्या आत उभं राहून हवेतल्या खेळाडूकडून चार्ज मिळवता येत नाही. मी खेळायचो तेव्हा ती रेघच नव्हती. रिंगखाली उभं राहून धडक घेणारा आमचा हिरो असायचा. बरगड्या आठवडाभर दुखायच्या.

गिरगावची लेखणी
'मुक्त फेक'ला माझा ठाम विरोध. भालाफेक, थाळीफेक, गोळाफेक यांत फेक म्हणजे लांब भिरकावणं. बास्केटमध्ये चेंडू टाकतात. 'दंडटाक' म्हणा, कारण हा दंडच आहे. हा खेळ शोधणाऱ्या नेस्मिथच्या १८९२च्या तेरा नियमांत फ्री थ्रो नव्हताच. एका संघाचे लागोपाठ तीन फाऊल झाले, मधे दुसऱ्या संघाचा एकही नाही, तर दुसऱ्याला थेट गोल. पुढे फ्री थ्रो आला, तरी १९२४पर्यंत संघातला एकच तरबेज खेळाडू सगळ्यांचे फ्री थ्रो टाकू शकत असे. ज्याच्यावर फाऊल झाला त्यानंच टाकायचे, हे नंतरचं.

शिट्टीधारी
'दंडटाक' ऐकून मुलं हसतील. शिवाय फिबात चढाई करणाऱ्या संघाचा फाऊल संघाच्या फाऊलांत धरतात, पण त्यावर फ्री थ्रो देत नाहीत, नुसता चेंडू जातो. मग तो दंड नाही का?

दादर पश्चिम
हसण्याचं काय घेऊन बसलात! सावरकरांच्या 'महापौर'लाही लोक हसले होते. आज मुंबईत दुसरं काही म्हणतं का कुणी?

नागपाडावाला
'महापौर' रुजला कारण पालिकेनं वापरला. मैदानावर शब्द शिट्टीसोबत ओरडावा लागतो. उद्या तुम्ही 'आक्रमणोत्पन्न'सारखं काही काढाल, ते ओरडून दाखवा.

माहीमची बाई
गुरुवारी छापायला द्यायचंय. सध्या 'चढाईतला फाऊल' आणि 'फ्री थ्रो' ठेवतेय.

गिरगावची लेखणी
मग 'फाऊल' तरी का ठेवताय? 'नियमभंग' आहे की.

लालबागची चाळ
फाऊल परका कसा? आम्ही लगोरीतही 'फाऊल' ओरडायचो. मात्र आमच्याकडे 'फाऊल झाली' म्हणायचे. इथे सगळे 'झाला' लिहिताय. बाई, पानावर कोणतं लिंग धरलंय?

दादर पश्चिम
'झाली'? हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय. आणखी कुणाच्या चाळीत होतं?