डिप्लोमानंतर कर्ज काढून मेकॅट्रॉनिक्सची पदवी घ्यावी, की ॲप्रेंटिसशिप स्वीकारावी? (बडोदा)

बडोदेकर_आई:
नमस्कार. माझ्या मुलाचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा यंदा पूर्ण झाला. मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील (जीआयडीसी) एका ट्रान्सफॉर्मर कारखान्याने त्याला वर्षभराची ॲप्रेंटिसशिप देऊ केली आहे. दुसरीकडे, वाघोडिया रस्त्यावरील एका खासगी महाविद्यालयात डी-टू-डीमार्फत (डिप्लोमाधारकांना पदवीत मिळणारा थेट प्रवेश) मेकॅट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल असे दिसते. तेथील शिक्षण शुल्क वर्षाला १ लाख २० हजार असून बस, परीक्षा आणि पुस्तके धरून खर्च दीड लाखावर जातो. म्हणजे तीन वर्षांचे साडेचार लाख, आणि ते सर्व शैक्षणिक कर्जातूनच उभे करावे लागतील. बँकेने साडेदहा टक्के व्याजदर सांगितला आहे. यजमानांच्या निवृत्तीला फार वर्षे उरलेली नाहीत आणि धाकटीचे शिक्षण अजून व्हायचे आहे. मोटर, सेन्सर आणि पीएलसी (यंत्रे आपोआप चालवणारा नियंत्रक) हे सगळे एकत्र शिकवणारी हीच शाखा पुढे चालणार, असे मुलाचे म्हणणे आहे. पदवीमुळे वाढणाऱ्या पगारातून हे कर्ज फिटून काही हाती उरेल का, हे जाणकारांनी आकड्यांनिशी सांगावे, ही विनंती.

निवृत्त_कर्जअधिकारी:
ताई, आधी कर्जाचा खरा आकडा पाहू. दरवर्षी दीड लाख उचलले, शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतरच्या एका वर्षाच्या सवलतीत काहीच भरले नाही, तर सरळ व्याजानेसुद्धा सुमारे १ लाख ४२ हजार रुपये चढतात. हप्ता सुरू होईल त्या दिवशी कर्ज ५ लाख ९२ हजारांच्या घरात असेल. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला जवळजवळ १० हजारांचा हप्ता बसेल आणि एकूण ८ लाख ३८ हजार जातील. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ८ हजारांवर येतो खरा, पण एकूण परतफेड साडेनऊ लाखांच्या पुढे जाते.

यात आणखी एक रक्कम मिळवावी लागते, जी बँकेच्या कागदावर कधीच दिसत नाही. ती म्हणजे या तीन वर्षांत मुलगा जे कमावू शकला असता ते. पहिले वर्ष ॲप्रेंटिसशिपचे ८ हजारांप्रमाणे आणि पुढची दोन वर्षे १६ हजारांची नोकरी, असे माफक गृहीत धरले तरी ४ लाख ८० हजार होतात. खर्च, चढलेले व्याज आणि ही बुडालेली कमाई मिळून पदवीची किंमत १० लाख ७० हजारांच्या आसपास जाते. हप्त्यांतील पुढचे व्याज मी यात धरलेले नाही. आता पदवीमुळे पगारात दरमहा ५ हजारांचाच फरक पडला, तर ही रक्कम भरून निघायला सुमारे अठरा वर्षे लागतील. फरक १२ हजारांचा असेल तर साडेसात वर्षांच्या आत निघेल. तेव्हा महाविद्यालयाला सर्वांत मोठ्या पॅकेजबद्दल विचारण्यात अर्थ नाही. त्या शाखेतल्या मधल्या मुलाला काय मिळाले, ते विचारावे.

मकरपुरा_टेस्टिंग:
मी ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंग विभागात काम करतो, म्हणून कारखान्यातून जे दिसते ते लिहितो. दारातच पदवी आणि पदविका यांत फार अंतर असते असे मानू नये. ॲप्रेंटिसशिपच्या नियमांत २०१९ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने डिप्लोमाधारकासाठी किमान ८ हजार आणि पदवीधरासाठी किमान ९ हजार विद्यावेतन ठरवले होते, म्हणजे फरक अवघ्या एका हजाराचा. टेस्ट बेंचवर वाइंडिंगचा रेझिस्टन्स आणि टर्न्स रेशो मोजण्याचे काम दोघांनाही सारखेच करावे लागते. डिप्लोमाचा मुलगा निगुतीने काम करणारा असेल, तर पहिल्या वर्षात तोच सरस ठरतो, असे मी पाहिले आहे.

अंतर पडते ते चार-पाच वर्षांनी. डिझाइन विभाग, ग्राहकाच्या अभियंत्याशी होणारी तांत्रिक बोलणी, विभागप्रमुखाची जागा, अशा ठिकाणी पुष्कळ कंपन्या पदवी मागतात आणि डिप्लोमाधारक सिनिअर सुपरवायझरच्या पायरीवर अडकतो. हे मी रोज पाहतो आणि मला ते मनापासून खटकते, कारण त्यांतले काही जण कामात कोणालाही हार जाणारे नाहीत. म्हणून पदवी घेऊच नये, असे मी म्हणणार नाही.

माझी शंका शाखेच्या नावाबद्दल आहे. रेसकोर्सवर मुख्य कार्यालये असलेल्या एमजीव्हीसीएल आणि जेटको या वीज कंपन्यांत इलेक्ट्रिकलच्या ज्युनिअर इंजिनिअरसाठी इलेक्ट्रिकलचीच पदवी मागतात. मेकॅट्रॉनिक्सच्या मुलाचा अर्ज तेथे अडू शकतो. हाती इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा असताना पदवीही इलेक्ट्रिकलची घेतली, तर सरकारी आणि खासगी अशी दोन्ही दारे उघडी राहतात. पीएलसी आणि ड्राइव्हचे काम बेतास बात फी भरून वेगळे शिकता येते. मेकॅट्रॉनिक्सच घ्यायचे असेल, तर प्रयोगशाळा एकदा स्वतः पाहून यावी. पीएलसीचा पॅनेल वायरिंग करून चालू स्थितीत आहे का, विद्यार्थी स्वतः सर्व्हो मोटर फिरवून पाहतात का, की काचेच्या कपाटात नवी कोरी उपकरणे नुसती मांडून ठेवली आहेत, हे पाच मिनिटांत समजते.

बडोदेकर_आई:
आपण दोघांनीही इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. शाखेच्या नावाचा मुद्दा आम्हाला कोणी सांगितला नव्हता. डिप्लोमात मुलाचे पर्सेंटाइल ६५ च्या वर आहे आणि आमचे वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आत आहे. त्याचा काही उपयोग होईल का? शिवाय, नोकरी करता करता दूरशिक्षणाने पदवी घेता येईल, असे एका नातेवाइकांनी सुचवले आहे.

पॉलिटेक्निक_अध्यापक:
दूरशिक्षणाचा विचार कृपया सोडून द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविरुद्ध निकाल दिलेला आहे. एएमआयईला (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या परीक्षेला) पदवीसमान मानण्याची सोयही ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी राहिलेली नाही. एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेची) मान्यता असलेले, नोकरदारांसाठी सोयीच्या वेळी चालणारे पदवी अभ्यासक्रम ही मात्र वेगळी आणि रीतसर वाट आहे. त्यासाठी किमान एक वर्षाचा नोकरीचा अनुभव लागतो.

उत्पन्न आणि पर्सेंटाइल पाहता गुजरात सरकारच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज अवश्य करावा. अभियांत्रिकी पदवीसाठी शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम किंवा ५० हजार, यांपैकी जी कमी असेल ती वर्षाला मिळते. आपल्या बाबतीत ती ५० हजार होईल आणि तिन्ही वर्षे मिळत राहिली तर कर्ज साडेचार लाखांऐवजी तीन लाखांवर येईल.

निवृत्त_कर्जअधिकारी:
हे जमले तर चित्र पुष्कळच बदलते. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा वाटा घालावा लागत नाही. आईवडील सहकर्जदार म्हणून पुरतात. सवलतीच्या काळात काहीही न भरताही सात वर्षांचा हप्ता १० हजारांवरून साधारण ६ हजार ६५० वर उतरेल. व्याज शिक्षण चालू असताना आणि सवलतीच्या वर्षातही भरत गेलात, तर तो ५ हजारांच्या आसपास राहील. पहिल्या वर्षी असे व्याज महिन्याला ९०० रुपयांच्याही आत असते, आणि ते नियमित भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्क्याची सूट देतात. मंजुरीपत्रात ही सूट लिहून आली आहे का, ते सही करण्यापूर्वी पाहून घ्यावे. माझ्या मते हप्ता मुलाच्या पहिल्या पगाराच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावा. तीन लाखांच्या कर्जात ही मर्यादा पाळता येण्यासारखी आहे, साडेचार लाखांच्या कर्जात ती पाळणे कठीण आहे.

पॉलिटेक्निक_अध्यापक:
एक राहिले. पसंतीक्रम भरताना पहिल्या ओळीत खासगी महाविद्यालय लिहू नये. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या कलाभवनाच्या आवारातील महाराजा सयाजीराव विद्यापीठाची (एमएसयू) तंत्रज्ञान विद्याशाखा आणि त्यानंतर गोधरा व भरूच येथील शासकीय महाविद्यालये, अशा क्रमाने इलेक्ट्रिकलच्या जागा आधी भराव्यात. तेथील अनुदानित व शासकीय जागांचे शुल्क खासगीच्या मानाने फारच कमी आहे, आणि दोन्ही गावी बडोद्याहून रेल्वेने जाऊन-येऊन शिकता येते. खासगीची मेकॅट्रॉनिक्सची जागा यादीत शेवटी ठेवावी. तीच वाट्याला आली आणि शिष्यवृत्ती मंजूर झाली नाही, तर यंदा मकरपुऱ्यातील ॲप्रेंटिसशिप स्वीकारून पुढल्या वर्षी पुन्हा डी-टू-डीचा अर्ज करावा.